न घडलेल्या चुकीचा पुरावा

महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी आला, की पगार शुक्रवारीच खात्यात जमा होतो. बहुतेकांना त्याचा आनंदच होतो. पण ब्रिटनमध्ये काही वर्षांपूर्वी तुटपुंज्या कमाईला सरकारी मदतीची जोड देऊन घर चालवणाऱ्या अनेकांच्या पोटात याच शुक्रवारी गोळा यायचा. तिथल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेत दर महिन्याची मदत त्या महिन्यातल्या कमाईवर ठरते आणि हा महिना अर्ज केल्याच्या तारखेच्या आधारे मोजला जातो. समजा, एखादीचा हिशेबाचा महिना कॅलेंडरच्या शेवटच्या तारखेला सुरू होतो. पगार दोन दिवस आधी झाला, तर तो मागच्या हिशेबात जाऊन पडतो. संगणकाला त्या महिन्यात दोन पगार दिसतात आणि मदत धाडकन खाली येते. पुढच्या महिन्यात कमाई शून्य दिसते. मुलांना सांभाळून नोकरी करणाऱ्यांना कमाईतल्या ठरावीक रकमेवर जी सूट असते, ती या शून्याच्या महिन्यात वायाच जाते. वर्षाकाठी शेकडो पौंडांचा फटका बसायचा, आणि घरभाड्याचं गणित दर थोड्या महिन्यांनी कोलमडायचं.

चार नोकरदार एकल मातांनी याविरुद्ध दाद मागितली. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. या अडचणीवर तोडगा न काढणं तर्काला धरून नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम बदलले.

योजना २०१० मध्ये जाहीर झाली होती, २०१३ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या गावात सुरू झाली होती. म्हणजे ‘पगाराची तारीख सुट्टीला आली तर काय?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर नियमांत यायला सात वर्षं आणि एक कोर्टकज्जा लागला. असे प्रश्न वेळेत विचारणं, उत्तर मिळेपर्यंत लावून धरणं आणि ते उत्तर नियमांत, फॉर्मवर, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये खरोखर उतरलंय का हे तपासणं, ही ज्यांची नोकरी असते त्यांना बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. खासगी कंपन्यांत ते असतात, तसे सरकारी खात्यांतही असतात. मंत्र्यांचं धोरण, कारकुनाचं रोजचं काम, नागरिकाची गरज आणि प्रोग्रॅमरची भाषा या चौघांमध्ये सांधा जुळवणारी ही माणसं.

त्यांच्या पगाराचा प्रश्न नेमका इथेच अवघड होतो. एखाद्या अ‍ॅनालिस्टने पगाराच्या तारखेचा घोळ आराखड्यातच पकडला, तर कोर्टात कोणी जात नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही, संसदेत प्रश्न उपस्थित होत नाही. कामाचा सगळा परिणाम म्हणजे एक न घडलेली चूक. पुलाचं बांधकाम दाखवता येतं, वसूल केलेला कर आकड्यात मांडता येतो. न घडलेली चूक बढतीच्या अर्जात कशी लिहायची?

या पेशाची मुळं ब्रिटनमध्ये बरीच खोल आहेत आणि ती चक्क चहाच्या दुकानांत सापडतात. जे. लायन्स अँड कंपनी ही तिथली चहा आणि केकची नामांकित कंपनी. देशभर तिची चहागृहं होती. कामकाजाच्या पद्धती तपासून सुधारणारा एक स्वतंत्र विभागच या कंपनीने १९३० च्या दशकात उभा केला होता. पुढे तिने स्वतःचा संगणक बांधला, त्याचं नाव ‘लिओ’. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब होऊ लागला. व्यवसायाचं नियमित काम संगणकाने करण्याची जगातली ही पहिली वेळ मानली जाते. लिओवर कोणतं काम कसं टाकायचं हे ठरवणाऱ्यांत डेव्हिड कॅमिनर यांचं नाव पुढे येतं. चहागृहांच्या मालाची व्यवस्था पाहिली की त्यांच्या विचाराची जात कळते. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी संगणकाकडे आधीच नोंदलेली असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल सांगायचा: आज इतके बन जास्त, इतके केक कमी. रोज सगळी यादी भरायची दगदग वाचली, चुका कमी झाल्या आणि बेकरीला वेळेत आकडा कळला. यंत्र आहे म्हणून यंत्रावर काम ढकलायचं नाही, आधी काम समजून घ्यायचं, ही शिस्त तिथून आली.

सरकारी खात्यांनी मात्र ही शिस्त दीर्घकाळ बाहेरून विकत घेतली. मोठ्या कंपन्यांना मोठी कंत्राटं द्यायची आणि गरज काय आहे हेही त्यांनाच ठरवू द्यायचं, असा शिरस्ता पडला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा २००२ साली सुरू झालेला महाकाय संगणकीकरण कार्यक्रम २०११ मध्ये मोडीत काढावा लागला, तोवर अब्जावधी पौंड खर्च झाले होते. याच सुमारास सूर बदलला. मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० च्या अहवालानंतर २०११ मध्ये ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ स्थापन झाली, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या खात्यांना एका छताखाली आणणारं ‘गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ सुरू झालं. आता सरकारला स्वतःच्या पगारपटावर प्रोग्रॅमर, डिझायनर आणि अ‍ॅनालिस्ट हवे होते.

पण त्यांना पगार कुठून द्यायचा? ब्रिटिश सनदी सेवेत पगार ग्रेडवर ठरतो, आणि २०१० नंतरचं दशक काटकसरीचं होतं. आधी दोन वर्षं पगार गोठवले गेले, मग कित्येक वर्षं सरासरी वाढीवर एक टक्क्याची मर्यादा आली. त्यातच २०१३ मध्ये सरकारने सेवेच्या वर्षांनुसार आपोआप मिळणारी वेतनवाढ बंद करण्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्याला या बदलाचं वजन लगेच कळेल. आपल्याकडे बढती नाही मिळाली तरी आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये ती शिडीच काढून घेतली गेली. एकाच ग्रेडमध्ये आठ वर्षं कसून काम केलेला अ‍ॅनालिस्ट आणि गेल्या महिन्यात आलेला नवखा जवळपास सारख्याच पगारावर बसू लागले. शेजारच्या खुर्चीवर तेच काम रोजंदारीच्या दराने करणारा कंत्राटी अ‍ॅनालिस्ट असे, त्याची कमाई कितीतरी जास्त. ज्याला पगार वाढवून हवा त्याने एक तर खातं बदलायचं, नाहीतर वरच्या ग्रेडची जागा मिळवायची. वरच्या ग्रेडमध्ये बहुधा माणसं सांभाळायची असतात. त्यामुळे प्रश्न विचारण्यात वाकबगार असलेली माणसं रजेचे अर्ज मंजूर करण्यात गुंतली. सरकारी सेवेचं हे मोठं नुकसान होतं आणि ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नव्हतं.

यावर जो उपाय निघाला तो विचार करण्याजोगा आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारने डिजिटल, डेटा आणि तंत्रज्ञान या कामांचा एक कौशल्य आराखडा प्रसिद्ध केला. त्यात बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या पायऱ्या दिल्या आहेत: शिकाऊ आणि कनिष्ठ यांच्यापासून ज्येष्ठ, प्रमुख आणि अगदी वर विभागप्रमुखापर्यंत. प्रत्येक पायरीला लागणारी कौशल्यंही दिली आहेत. गरजा नेमक्या शब्दांत मांडणं, कामकाजाचा नकाशा काढणं, प्रक्रिया सुधारणं, चाचणी घेणं, संबंधितांशी नातं सांभाळणं ही त्यांतली काही. आणि प्रत्येक कौशल्याच्या चार पातळ्या आहेत. नुसती जाण असणं ही पहिली. स्वतः काम करता येणं ही दुसरी. त्यात मुरलेलं असणं, इतरांना शिकवता येणं ही तिसरी. आणि संस्थेला दिशा देण्याइतका अधिकार असणं ही चौथी.

पुढच्या वर्षांत अनेक खात्यांनी पगार या आराखड्याशी जोडला. ग्रेडचा मूळ पगार तोच राहतो. त्यावर कौशल्यानुसार भत्ता मिळतो. उमेदवार भरतीच्या मुलाखतीत किंवा नोकरीत असताना मूल्यमापन पॅनेलसमोर एकेका कौशल्याचा पुरावा मांडतो; पॅनेल पातळी ठरवतं आणि पातळीवरून भत्ता ठरतो. सरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींत आता पगाराच्या आकड्यापुढे या भत्त्याची कमाल रक्कम छापलेली दिसते. बढती न घेता, माणसं सांभाळायला न जाता, आहे त्याच कामात पारंगत होऊन जास्त कमावण्याची वाट त्यामुळे उघडली. सेवाज्येष्ठतेवर किंवा साहेबांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या पगारापेक्षा ही पद्धत न्याय्य आहे, यात शंका नाही. अट एकच आहे, आणि ती कठोर आहे: कौशल्य असून भागत नाही, ते दाखवता आलं पाहिजे.

दाखवायचं म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका नगरपालिकेत अपंग व्यक्तींना मोटार उभी करण्यासाठी मिळणाऱ्या ‘ब्लू बॅज’ परवान्याच्या अर्जाचं काम एका अ‍ॅनालिस्टकडे आलं. मूल्यमापनाच्या फॉर्मवर ती पहिल्या झटक्यात लिहिते: ‘आम्ही संबंधितांच्या कार्यशाळा घेतल्या, गरजा नोंदवल्या, नवा ऑनलाइन अर्ज वेळेत सुरू झाला.’ वाक्य खरं आहे, पण पॅनेलच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. कार्यशाळा कोणीही घेतं. अर्ज वेळेत सुरू होण्याचं श्रेय तर दहा जणांचं.

आता तिच्याशेजारी एखादा अनुभवी सहकारी बसतो आणि प्रश्न विचारू लागतो. काम आलं तेव्हा अडचण काय सांगितली होती? ‘अर्ज ऑनलाइन करा,’ एवढंच. मग तू काय केलंस? तिने नाकारून परत पाठवलेल्या कागदी अर्जांचा गठ्ठा मागवला आणि एकेक वाचला. बहुतेक अर्ज एकाच जागी अडलेले होते: वैद्यकीय पुरावा कोणता चालेल हे अर्जदाराला कळत नव्हतं. परवाना विभाग आणि समाजकल्याण विभाग यांचे निकष वेगळे होते, त्यामुळे एकाच माणसाला दोनदा कागद आणावे लागत. हा भेद कोणी दाखवला? तिनेच. दोन्ही विभागप्रमुखांना एकत्र कोणी बसवलं? तिनेच. पर्याय किती मांडले, कोणता का नाकारला? विचारल्यावर ती दहा मिनिटं न थांबता बोलते. तू नसतीस तर? तर जुना गोंधळ संगणकावर जसाच्या तसा चढला असता आणि कागदी अर्ज परत जात होते तसेच ऑनलाइन अर्ज परत गेले असते.

कौशल्याचा पुरावा इथे आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण न घडलेली चूक दिसण्याचा तोच एक मार्ग आहे. परत जाणाऱ्या अर्जांचं प्रमाण आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हा आकडा तिने सुरुवातीलाच नोंदवून ठेवला असेल तर बात आणखी पक्की. नसेल ठेवला, तर वर्षभराने तो शोधून काढणं जवळपास अशक्य असतं. जुनी प्रणाली बंद झालेली असते, गठ्ठा नष्ट झालेला असतो, विभागप्रमुख बदललेले असतात.

म्हणून मदत करायची ती फॉर्म भरण्याच्या आठवड्यात करून उपयोग नाही. ब्रिटनमधल्या सरकारी खात्यांत बिझनेस अ‍ॅनालिस्टांचे स्वतःचे समूह आहेत, खात्याखात्यांच्या पलीकडे जाणारंही जाळं आहे. अशा समूहांना करता येण्याजोगं सर्वांत उपयोगी काम म्हणजे पुरावा जमवण्याची सवय लावणं. महत्त्वाचा निर्णय झाला की त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या: प्रश्न काय होता, आपण काय पाहिलं, काय सुचवलं, काय ठरलं. कौशल्य आराखडा पुढ्यात ठेवून प्रत्येक नोंदीपुढे कौशल्याचं नाव टाकायचं. काही महिन्यांत कोणत्या कौशल्यापुढे जागा रिकामी आहे ते दिसतं, आणि मग व्यवस्थापकाकडे नेमकं ते काम मागता येतं. कायम बैठकांची टिपणं काढण्याचं काम वाट्याला आलेल्या कनिष्ठाला ‘प्रक्रिया सुधारणे’ या कौशल्याचा पुरावा कुठून मिळणार? संधी न देता पुरावा मागणं हा अन्याय आहे, आणि रिकाम्या जागा कागदावर आल्या की तो लपत नाही.

दुसरी मदत सरावाची. सनदी सेवेच्या अर्जांत वर्तनाचं एकेक उदाहरण बहुधा अडीचशे शब्दांत बसवायचं असतं आणि परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशा क्रमाने मांडायचं असतं. नवखे लोक त्यांतले दीडशे शब्द परिस्थितीवर घालवतात. सहकाऱ्याने लाल पेन घेऊन ते कापणं, लटकी मुलाखत घेऊन ‘हे तू केलंस की टीमने?’ असं तीनदा विचारणं, याने जो फरक पडतो तो पुस्तकं वाचून पडत नाही. एकत्र काम करण्याची सवय असलेल्या माणसाच्या तोंडी ‘आम्ही’ बसलेलं असतं. मराठी घरांत वाढलेल्यांना तर ‘मी केलं’ म्हणताना संकोचच वाटतो. मोठेपणा मिरवू नये हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. पॅनेलला मात्र संकोच मोजता येत नाही. सहकाऱ्यांचा वाटा प्रामाणिकपणे सांगून आपला वाटा वेगळा काढून दाखवणं यात कसला मोठेपणा? ती माहिती आहे, आणि ती मागितली गेली आहे.

बाहेरची प्रमाणपत्रं काही अंशी उपयोगी पडतात. १९५७ साली स्थापन झालेली ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी बिझनेस अ‍ॅनालिसिसची पदविका देते. तिच्या शेवटी तोंडी परीक्षा असते, त्यामुळे पाठांतरावर निभत नाही. २००३ मध्ये कॅनडात स्थापन झालेली ‘आयआयबीए’ ही जागतिक संस्था आपल्या वरिष्ठ प्रमाणपत्रासाठी गेल्या दहा वर्षांतल्या ७,५०० तासांच्या कामाचा हिशेब मागते. या परीक्षांनी पेशाला समान परिभाषा दिली, हे त्यांचं मोठं देणं. पण प्रमाणपत्राने ज्ञान सिद्ध होतं. नगरपालिकेतला तो गठ्ठा मागवून वाचण्याची बुद्धी माणसाला झाली की नाही, हे प्रत्यक्ष कामाच्या पुराव्यातूनच कळतं, आणि सरकारी आराखड्याने वजन तिथे दिलं ते योग्यच झालं.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत बिझनेस अ‍ॅनालिस्ट हे पद सर्रास आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस २०११ पासून ब्रिटनच्या ‘नेस्ट’ या निवृत्तिवेतन योजनेचा कारभार सांभाळते, आणि इंग्लंड-वेल्समधल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचं कंत्राटही २०२३ मध्ये तिलाच मिळालं. ब्रिटिश सार्वजनिक सेवांचे प्रश्न सोडवणाऱ्यांत भारतीय विश्लेषक आहेतच. त्यांच्यापैकी ज्यांना पुढे तिथल्या सरकारी सेवेत जायचं असेल, त्यांना कंपनीतल्या पदनामाचा फारसा उपयोग होणार नाही. एकेका कौशल्याचा हिशेब त्यांनाही द्यावा लागेल. भारत सरकारच्या २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ कार्यक्रमानेही पदाच्या नियमांऐवजी भूमिकेला लागणाऱ्या क्षमतांची भाषा सुरू केली आहे. ती भाषा पुढे पगाराशी जोडायचा विचार झालाच, तर ब्रिटनचा अनुभव बारकाईने तपासण्यासारखा आहे.

कारण त्या अनुभवात खाचखळगेही आहेत. पुरावा लिहून मागितला की लिहिण्याची हातोटी असलेला पुढे जातो. इंग्रजी ही ज्याची दुसरी भाषा आहे, ज्याला डिस्लेक्सिया आहे, किंवा घरी लहान मूल असल्यामुळे ज्याला संध्याकाळी फॉर्मवर बसता येत नाही, तो कामात सरस असूनही मागे पडू शकतो. पॅनेलवरचे दोघे एकाच पुराव्याला वेगवेगळी पातळी देऊ शकतात. गृह किंवा संरक्षण खात्यातल्या अ‍ॅनालिस्टला तर आपलं उत्तम काम गुप्ततेमुळे सांगताच येत नाही. यावरचे उपाय गुंतागुंतीचे नाहीत: पॅनेलवर या पेशातला माणूस असणं, नमुन्याचे पुरावे आधी एकत्र तपासून पातळीबद्दल एकमत करणं, लेखी पुराव्याइतकंच तोंडी मुलाखतीला महत्त्व देणं, आणि फॉर्मसाठी कामाच्या वेळेतला वेळ देणं. यांतलं शेवटचं सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त टाळलं जातं. पुराव्याचा निम्मा भार संस्थेने उचललाच पाहिजे. आधीचा आकडा जपून ठेवणं, निर्णयांच्या नोंदी ठेवणं हे चांगल्या प्रशासनाचंही काम आहे, एकट्या कर्मचाऱ्याच्या स्वार्थाचं नाही.

यात पैसे वाचतात की जातात, असा प्रश्न अर्थखातं विचारणारच. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या डिजिटल कारभाराचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात त्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळतं. सार्वजनिक क्षेत्राचा तंत्रज्ञानावरचा वार्षिक खर्च २६ अब्ज पौंडांहून जास्त, या कामातले कर्मचारी सुमारे एक लाख, आणि खर्चाचा मोठा वाटा बाहेरच्या कंपन्यांकडे व कंत्राटी लोकांकडे जाणारा. कायम कर्मचाऱ्याच्या तुलनेत कंत्राटी माणूस सुमारे तिप्पट महाग पडतो, असं त्या आढाव्याने म्हटलं आहे. चालक परवाने देणाऱ्या खात्याला रोज ४५,००० पत्रं हाताळावी लागतात, कर खात्याला रोज एक लाख फोन येतात. त्यांतला प्रत्येक अनावश्यक फोन म्हणजे कुठेतरी न विचारला गेलेला एक प्रश्न. कसबी अ‍ॅनालिस्टला भत्ता देऊन टिकवणं या हिशेबात फार मोठी रक्कम ठरत नाही.

त्याच महिन्यात सरकारने आपली विखुरलेली डिजिटल कार्यालयं नव्या स्वरूपातल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसमध्ये एकत्र आणण्याचं जाहीर केलं. कौशल्य भत्त्याचे नियम मात्र खात्याखात्यात वेगळे आहेत. कुठे भत्ता निवृत्तिवेतनात धरला जातो, कुठे नाही. कुठे ठरावीक काळाने पुन्हा मूल्यमापन होतं. एका खात्याने मान्य केलेली पातळी दुसरं खातं जशीच्या तशी मान्य करीलच असं नाही. नोकरीचं पत्र हाती आलेल्या अ‍ॅनालिस्टने हे सगळं सही करण्याआधी विचारून घ्यावं, आणि मिळालेली उत्तरं लेखी मागावीत.